पहिली चकमकीची रायफल घेतांना काय बघायचं

भाच्याचा पेन्सिल्वेनियाहून फोन आला, मामा तुम्ही इकडं इतकी वर्षं काढली, मला फ्लिंटलॉकनी हरणाची शिकार करायचीय, कोणती रायफल घेऊ? फोनवर अर्धवटच झालं, म्हणून इथं लिहून टाकतो, अजून कोणाची पोरं तिकडं असतील तर कामात येईल. आधीच सांगतो भो, हे सगळं तिकडचं आहे, आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, सातपुड्यात ससा मारला तरी आत जाशील. तिकडं पण आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, लायसन, मग बंदूक.

फ्लिंटलॉक म्हणजे ठासणीचीच बंदूक, फक्त बार पेटवायला स्फोटक टोपीच्या जागी चकमक. आमचे आजोबा बिडीसाठी कनवटीला चकमक, लोखंडाचा तुकडा आन् शेवरीचा कापूस ठेवायचे, तोच खेळ. घोड्यात अडकवलेली गारगोटी फ्रिझनवर, म्हणजे वाटीवरच्या उभ्या पोलादी पात्यावर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकवर (पेटवायच्या बारीक दारूवर) पडतात आणि बारीक भोकातून आग नळीत जाते. म्हणून लाकूड, पितळ, नक्षी सगळं नंतर, पहिले लॉक, म्हणजे घोडा-फ्रिझन-वाटीचा हा सगळा संच बघ. रिकामी आहे याची खात्री करून दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात घोडा पाड, ठिणग्या पांढऱ्या, भरपूर आणि नेमक्या वाटीत पडल्या पाहिजेत, दोन-तीन लालसर ठिणग्या इकडंतिकडं उडाल्या तर ठेवून दे परत. मी पहिली स्वस्त म्हणून घेतली, फ्रिझन मऊ निघालं, ४० पावलांवर हरीण उभं आन् नुसतं खट्ट, तेही माझ्याकडे बघून निवांत निघून गेलं.

आता कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, इंचाच्या शंभराव्या भागात. हरीण आणि खार-ससे दोन्ही एकाच बंदुकीनं करायचं तर माझं मत ४५. पेन्सिल्वेनियात ख्रिसमसनंतरच्या फ्लिंटलॉक सीझनला ४४ च्या खाली चालत नाही, खार-सशांचा आणि दुसऱ्या राज्यात असशील तर तिथला नियम वाच. ४५ ची गोल गोळी साधारण १३० ग्रेन वजनाची, ५० ची १७७ च्या आसपास, म्हणजे हरणाला ५० जास्त भरवशाची, पण खारीवर ती मारली तर खायला काही उरत नाही, डोक्यातच मारावी लागते आणि दारूही कमी भरायची. ३२, ३६ खारीला मस्त, हरणाला नाही.

नळीचा पीळ, म्हणजे आतल्या गोल फिरत जाणाऱ्या खाचा, विचारायला विसरू नको. गोल गोळी मारायची तर ६० ते ६६ इंचात एक वेढा असा संथ पीळ बरा, ४८ वाला मधला मार्ग, चालतो.

डावखुरा असशील तर डाव्या हाताचंच लॉक घे, नाहीतर भडका चेहऱ्यासमोरच होतो. (चष्मा तसाही लागतोच.) दारू खरी काळीच घे, नळीत तीन एफ आणि रंजकला चार एफ (जितके एफ जास्त तितके दाणे बारीक), नकली पावडर चकमकीला लवकर पेटत नाही. दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत ओतायची नाही, आधी मापात घ्यायची, आत निखारा राहिला असेल तर शिंगच हातात फुटेल.

आणि खट्ट होऊन बार नाही उडाला तर नळी समोरच धरून पूर्ण मिनिटभर थांब. मी एकदा लगेच खाली आणली, तेवढ्यात उडाला, बुटापासून वीतभर जमीन उकरली होती.