पित्ताची जळजळ आणि वजनाचं ऑपरेशन: आधी दुर्बीण, मग निवड

मी मिरजेत एंडोस्कोपी रूममध्ये सिस्टर आहे. दुर्बीण आत जाताना पेशंटचं डोकं धरून "लाळ गिळू नका, बाहेर सोडा, झालंच आता" म्हणत उभी असते, ती मी. हल्ली वजनाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीला बऱ्याच बायका येतात. फायलीत सोनोग्राफी, थायरॉइड, ईसीजी सगळं असतं आणि ऑपरेशनही ठरलेलं असतं: स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करणं. का, तर विट्याच्या मावसबहिणीनं तेच केलं आणि ती बारीक झाली. मावसबहिणीला जळजळ होती का, हे कुणी विचारलेलं नसतं. ज्याला जळजळ आहे त्यानं अन्ननलिकेचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय ऑपरेशनचं नाव ठरवू नये, हे माझं ठाम मत.

माझी धाकटी जाऊ तासगावला असते. उंची पाच फूट दोन इंच, वजन १०८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) साडेत्रेचाळीसच्या आसपास. "पित्ताचं काय एवढं वो आक्का, इनो घेतलं की बसतंय," हे तिचं पालुपद. पण रात्री तीन उशा घेऊन बसल्यासारखी झोपायची.

म्हणून पहिलं काम घरीच करायचं. डॉक्टरांपुढं नुसतं "पित्त आहे" म्हणू नका. आपल्याकडं उन्हानं डोकं दुखलं तरी पित्तच असतं. आठवडाभर वहीत लिहा: आंबट पाणी घशाशी येतं का, आडवं झाल्यावर की वाकून झाडताना, रात्री ठसका लागून जाग येते का, सकाळी आवाज बसलेला असतो का. गोळी कोणती, किती वर्षं आणि कधी घेता, तेही लिहा. पँटोप्रॅझोल, म्हणजे ॲसिड कमी करणारी 'पॅन'ची गोळी, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवणानंतर घेऊन "गुण येत नाही" म्हणणारे रोज भेटतात. घास अडकत असेल, उलटीत रक्त किंवा शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर वही राहू दे, आधी दवाखाना गाठा. आणि चालताना, जिना चढताना छातीत जळत असेल तर पहिल्यांदा हृदय तपासून घ्या.

मग दुर्बीण. रात्रीपासून उपाशी यायचं, घशात बधिर करायचा स्प्रे मारतात, तपासणी काही मिनिटांत आटोपते. घाबरण्यासारखं त्यात फार नाही. उलट रिपोर्ट न वाचता फायलीत सारणं जास्त धोक्याचं. त्यात चार गोष्टी शोधा. अन्ननलिकेला सूज किंवा चरे असतील तर त्याची ग्रेड ए ते डी अशी लिहितात. ए एकट्यानं फारसं सिद्ध होत नाही, सी आणि डी म्हणजे आजार पक्का. दुसरं, हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातून छातीत सरकलेला. असेल तर किती सेंटिमीटर. तिसरं, बॅरेट्स, म्हणजे ॲसिडनं अन्ननलिकेचं अस्तर बदलणं, ज्यातून पुढं कॅन्सरचा धोका वाढतो; शंका आली तर तुकडा काढून तपासतात. चौथं, एच पायलोरी हा जंतू, तो सापडला तर ऑपरेशनआधीच औषधानं घालवतात.

दुर्बीण स्वच्छ आणि त्रास मात्र आहे, असंही होतं. अशा वेळी २४ तासांची पीएच तपासणी विचारा. नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेत किती वेळ ॲसिड राहतं ते मोजतात. दिवसातला ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ असेल तर ठीक, ६ टक्क्यांच्या वर गेला तर रिफ्लक्स, म्हणजे ॲसिड वर चढण्याचा आजार, नक्की. त्याआधी गोळी साधारण आठवडाभर बंद ठेवायला सांगतात. मनानं बंद करू नका.

आता ऑपरेशन. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन बरंचसं त्या कापलेल्या भागात तयार होतं, त्यामुळं भूकही घटते. आतड्याला हात लागत नाही, जीवनसत्त्वांची पुढची कटकट त्यातल्या त्यात कमी. म्हणून डॉक्टरांनाही आवडतं आणि पेशंटलाही. पण पूर्वीचं जठर अन्न आलं की सैल होऊन पसरायचं, ही नळी पसरत नाही. जठराची खालची झडप तशीच घट्ट, वरचा झडपेजवळचा कोन कापण्यात बिघडलेला. आतला दाब वर चढतो आणि ॲसिड अन्ननलिकेत. वजन उतरल्यामुळं काहींची जळजळ कमी होते हे खरं, पण त्या भरवशावर राहावं असं आकडे सांगत नाहीत. स्वित्झर्लंडच्या एसएम-बॉस अभ्यासात, जो २०१८ साली छापून आला, आधीपासून रिफ्लक्स असलेल्यांचा त्रास पाच वर्षांत स्लीव्हनंतर ३१.८ टक्के लोकांत वाढला, बायपासनंतर ६.३ टक्क्यांत. वजन दोन्हीकडं साधारण सारखंच उतरलं होतं.

बायपास म्हटलं की घरचे हृदयावर जातात. जावेच्या बायपासच्या वेळी सासूबाईंनी अर्ध्या गावाला फोन करून "पोरीच्या हार्टला काय झालं?" विचारलं होतं. हा बायपास पोटाचा. रू-एन-वाय पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि आतडं आणून तिला जोडतात. त्या पिशवीत ॲसिड तयार करणाऱ्या पेशी फार थोड्या. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण त्याचं ॲसिड खाली जातं. यकृताकडून येणारा पित्तरस मीटरभर किंवा त्याहून जास्त खाली अन्नाला मिळतो, तिथून वर चढणं अवघड. म्हणून सी-डी ग्रेड, बॅरेट्स किंवा मोठा हर्निया असेल तर बहुतेक सर्जन हाच सुचवतात. हर्निया असला तर तो त्याच वेळी शिवतात. फक्त हर्निया शिवून स्लीव्ह करू, असंही कुणी म्हणेल, मग "पुन्हा जळजळ सुरू झाली तर पुढं काय?" हे तिथंच विचारा. उत्तर बहुधा बायपासच असतं, म्हणजे दुसरं ऑपरेशन.

तिसरा पर्याय मिनी बायपास, आपल्या देशात बराच चालणारा. जोड एकच, वेळ कमी. पण आतड्याचा वळसा सरळ जठराच्या नळीला जोडलेला, त्यामुळं पित्तरस वर येऊ शकतो, आणि पित्तरसाच्या जळजळीवर पॅनची गोळी चालत नाही. अन्ननलिका आधीच खराब असेल तर मी माझ्या माणसाला हा करू देणार नाही. बँडचं, म्हणजे जठराला वरून पट्टा बांधण्याचं, नाव कुणी काढलं तर तो विषयच सोडून द्या.

पण बायपास सगळ्यांना झेपत नाही, आणि हे बोलायला लोक लाजतात. मिश्री, तंबाखू, सिगारेट काहीही चालू असेल तर आधी डॉक्टरांना खरं सांगा. धूम्रपानानं जोडावर अल्सर होतो, आणि मिश्रीत तंबाखूच असते. गुडघ्यासाठी रोज ब्रुफेन, व्होव्हेरान, कॉम्बिफ्लाम लागत असेल तर तेही सांगा. त्यानंही अल्सर होतो आणि बायपासनंतर या गोळ्या कायमच्या बंद. लोह, बी-१२, कॅल्शियम, डी आयुष्यभर घ्यावं लागतं, वर्षातून एकदा तरी रक्त तपासावं लागतं. पाळी जास्त जाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच ९ असेल तर ते वाढवूनच टेबलावर जावं. लग्न व्हायचंय किंवा बाळ हवंय त्यांनी ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत.

आणि गोड. बायपासनंतर साखर झटकन आतड्यात उतरते, घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येऊन पळावं लागतं. जावेच्या घरी बेदाण्याचं शेड आहे. निवडताना मूठ तोंडात टाकायची तिची सवय. एकदा टाकली, तिथंच गोणीला टेकून बसली, आता डब्याकडं बघत नाही. तिचं जेवण म्हणजे मुगाचं कढण, मऊ पिठलं, दही, अंडं, चतकोर भाकरी चावून चावून. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासानं.

पैशाचं आधीच बघून ठेवा. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांप्रमाणं बीएमआय ३५ च्या पुढं ऑपरेशन सुचवतात आणि आशियाई लोकांत २७.५ पासून विचार करता येतो. विमा कंपनी मात्र आयआरडीएआय या सरकारी विमा नियामकाच्या नियमावर बोट ठेवते: बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ आणि सोबत हृदयाचा गंभीर आजार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा ताब्यात न येणारा मधुमेह. जळजळ त्या यादीत नाही. घोरणं असेल तर झोपेची तपासणी करून कागद लावा, आणि आधी डाएट-व्यायाम करून पाहिल्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

सर्जनकडं दोघं जा, एकानं लिहून घ्यायचं. माझ्या दुर्बिणीच्या रिपोर्टवरून हेच ऑपरेशन का? तुम्ही दोन्ही प्रकार नेहमी करता का? स्लीव्ह केलं तर पुढची दुर्बीण कधी? स्लीव्हनंतर त्रास नसला तरी वर्षानं आणि पुढं दर दोन-तीन वर्षांनी दुर्बीण घालावी असं तज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे, कारण चरे पडलेले असतात आणि पेशंटला पत्ताच नसतो.

बायपास झालेल्यांनी पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी: कोणतं ऑपरेशन, कोणत्या साली, वेदनाशामक कोणतं चालत नाही. नाकातून पोटात नळी घालायची वेळ आली तर आत पिशवी किती लहान आहे हे समोरच्या डॉक्टरला माहीत हवं. आणि ऑपरेशनला वर्षं लोटली तरी जेवल्यावर पोटात पिळवटून कळ येऊ लागली, तर ओव्याचं पाणी पीत घरी बसू नका. आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. त्याच दिवशी सीटी स्कॅन होईल अशा ठिकाणी जा आणि चिठ्ठी दाखवा.