भुईचाफा मेलेला नसतो, झोपलेला असतो : या चुका टाळा

दर जानेवारीत धाकट्या जावेचा फोन ठरलेला. "ताई, भुईचाफा गेला. पान न् पान वाळलं."
"पाणी घालतेस?"
"रोज! दोन वेळा!"
मग जाणारच.

सावलीतल्या बागेसाठी सह्याद्रीच्या रानातलं याच्याइतकं सोपं फूलझाड माझ्या पाहण्यात नाही, आणि याच्याइतकं लोकांच्या हातून मरणारंही नाही. हा हळद-आल्याच्या कुळातला. थंडीत पानं झडून जमिनीवर काहीच उरत नाही. मग ऐन उन्हाळ्यात कोरड्या मातीतून, एकही पान नसताना, पांढरी-जांभळी सुगंधी फुलं थेट वर येतात. पानं येतात ती पावसासोबत. हा क्रम डोक्यात बसला की निम्म्या चुका टळतात.

सगळ्यात मोठी चूक हिवाळ्यात पाणी घालण्याची. मीही केली आहे. कुडाळच्या मावशीने वर्तमानपत्रात गुंडाळून तीन गड्डे दिले होते. पहिल्या पावसाळ्यात पानं अशी आली की येणारा-जाणारा थांबून बघायचा : वरून रुपेरी नक्षी, खालून जांभळी. मार्गशीर्षात ती पिवळी पडायला लागली आणि माझा जीव खालीवर. पाणी वाढवलं. मग चमचाभर युरिया घातला. त्यावर आणखी पाणी. होळीच्या सुमारास न राहवून कुंडीत हात घातला, तर बोटं उकडलेल्या बटाट्यात रुतावीत तशी रुतली. वास तर विचारूच नका. तीनपैकी अंगठ्याएवढा एकच तुकडा टणक राहिला होता. तो पुसला, राख लावली, सावलीत सुकवून कोरड्या वाळूत ठेवला आणि पावसाच्या तोंडावर लावला. त्या वर्षी नुसती पानं आली. फूल दिसलं पुढच्या चैत्रात.

तेव्हापासून माझा रिवाज साधा आहे. दिवाळीनंतर पाणी कमी करते, पानं पिवळी झाली की बंद. कुंडी उचलून जिन्याखाली. मार्चमध्ये कोंबाचं टोक दिसलं की पेलाभर पाणी, त्याआधी थेंबही नाही. कुंडीवर ऑइलपेंटने 'झोपलाय, हात लावू नका' असं लिहून ठेवलंय, कारण एकदा रिकामी समजून माळीबुवांनी तिच्यात मिरचीची रोपं लावली होती. जमिनीत लावला असेल तर शेजारी काठी रोवा, नाहीतर कुदळ तुमचीच लागेल.

दुपारचं थेट ऊन नको, पानांच्या कडा करपतात. आंबा-फणसाखाली सकाळचं कोवळं ऊन मिळालं तर उत्तम.

गड्डा खोल पुरू नका, वर दोन बोटं माती पुरे. पुण्याकडची नुसती काळी माती तर अजिबात नको. पाणी धरून ठेवते आणि पावसाळ्यातच गड्डा कुजवते. मी शेणखत, कुजलेला पालापाचोळा आणि विटांचा चुरा मिसळते. कोकोपीटच्या तयार पिशव्यांवर माझा विश्वास नाही. तो माझा हट्ट समजा.

दरवर्षी उकरून गड्डे वेगळे करण्याची घाई कशाला? दाटी झालेल्या कुंडीत फुलं चांगली येतात, असा माझा अनुभव. तीन-चार वर्षांतून एकदा पुरे.

गोगलगायी? पावसात रात्री बॅटरी घेऊन वेचायच्या.

फूल जेमतेम दिवसभर टिकतं, म्हणून 'रोगट आहे' असं ठरवू नका. शेजारून दुसरं उमलतंच. आणि नावात चाफा आहे म्हणून झाडाची वाट बघणाऱ्यांनी सोनचाफा लावावा.

रानातून उपटून आणणाऱ्यांशी मात्र मी बोलतच नाही. ज्याच्या घरी आहे त्याच्याकडे एक गड्डा मागा, कुणी नाही म्हणत नाही.

जावेची कुंडी यंदा डिसेंबरातच माझ्या जिन्याखाली आणून ठेवली आहे. ती रोज फोन करून विचारते, पाणी घातलंत का?