झेपेल असा व्यायाम: वेळापत्रक कसं बसवावं

नव्याने व्यायाम सुरू करणारे बरेच जण पहिल्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात नको तेवढं करतात आणि मग अंग धरलं म्हणून बसून राहतात. वेळापत्रक आखताना आपला सगळ्यात धावपळीचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. त्यातही जेवढं जमेल, तेवढ्यानेच सुरुवात करा. हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा सांध्यांचं जुनं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिल्यांदा चालणं. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. तो सलग नसला तरी चालतो. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. वेग ओळखायची खूण सोपी आहे: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. रोजच्या दहा हजार पावलांचा फार बाऊ करू नका. तो आकडा १९६०च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राची विक्री करताना पुढे आला.

मग ताकदीचा व्यायाम. चालणारे लोक नेमका हाच टाळतात. वयाच्या तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि ती घट नुसत्या चालण्याने फारशी भरून येत नाही. आठवड्यातून दोन दिवस ठरवा, मध्ये एखादा दिवस मोकळा ठेवा. भक्कम खुर्चीपुढे उभं राहून सावकाश खाली बसा आणि हातांचा आधार न घेता उठा. भिंतीला हात टेकून जोर काढा. उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचला. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. शेवटचे एक-दोन जड जायला हवेत; सगळे सहज झाले तर व्यायाम हलका पडतोय. जोर लावताना श्वास सोडा, रोखून धरू नका. पासष्टी ओलांडलेल्यांनी तोल सांभाळायचा सरावही करावा, जसं की हाताशी आधार ठेवून एका पायावर उभं राहणं.

आधी पाच मिनिटं सावकाश चालून अंग गरम करा. ताण देऊन धरून ठेवायचे प्रकार शेवटी.

आता वाढवायचं कसं? इथेच घाई नडते. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा बळकट व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. आपल्याला वाटतं आता धावता येईल, आणि टाच किंवा गुडघा तक्रार करू लागतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट वाढवा: मिनिटं, वेग किंवा दिवस.

नव्या व्यायामानंतर दोन-तीन दिवस स्नायू ठणकले तर घाबरू नका. मात्र सांध्यात एकाच जागी टोचत असेल, तर तो प्रकार थांबवा. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली, तर तिथेच थांबून लगेच वैद्यकीय मदत घ्या.

ताप असताना सुट्टी घ्या. आठवडा-दोन आठवडे खंड पडला, तर पूर्वीच्या साधारण निम्म्यापासून सुरू करा. बुडालेले दिवस भरून काढायला दुप्पट व्यायाम करू नका.