४०७ च्या चासीवर कॅम्पर बांधताय? आधी चासी पिळते कशी ते बघा

कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बांधायचा म्हटलं की पहिली चर्चा बेड किती फुटी आणि शेगडी कुठं यावर होते, आणि जी गोष्ट पुढं जाऊन बॉडी फाडते तिकडं कोण बघतच नाही. टाटा ४०७ घ्या नायतर आयशर, खाली दोन लांब चॅनेल आणि मध्ये आडवे क्रॉस मेंबर, आणि ही चासी पिळावी अशीच बनवलेली असते, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम दगडावर चढलं की ती पिळते म्हणून तर चारी चाकं जमिनीला टेकून राहतात. आपण वर बांधतो ती मात्र कडक पेटी. दोघांना आवळून बांधलं की दाराची चौकट वाकडी होते, पॅनलचे जोड सुटतात, नायतर चासीलाच तडा जातो.

म्हणून पहिलं काम हे करा. मोकळ्या चासीवर एक सरळ पाइप केबिनच्या मागं आडवा बांधा, दुसरा शेपटाला बांधा, तिरक्या कोपऱ्यातल्या दोन चाकांखाली, म्हणजे पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या, लाकडी ओंडके द्या आणि मागं उभं राहून बघा, दोन्ही पाइप एकमेकाला किती तिरके दिसतात तेवढी तुमची चासी पिळते. मोजून लिहून ठेवा, तेवढी जागा केबिन आणि पेटीच्या मध्ये मोकळी सोडायची आहे.

आता जोडायचं कसं. एक पद्धत तीन टेकूंची, चार पायांचं बाजलं खडबडीत जमिनीवर डुगडुगतं पण तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही, तेच गणित. पण त्यात सगळं वजन तीनच जागी येतं, सबफ्रेम, म्हणजे चासी आणि पेटीच्या मधली लोखंडी चौकट, लई मजबूत लागते आणि चासीलाही त्या जागी आधार द्यावा लागतो. मला विचाराल तर हलक्या गाडीला स्प्रिंगवाली पद्धत बरी. सबफ्रेमचे दोन चॅनेल चासीवर पूर्ण लांबीभर बसवायचे, मागच्या बाजूला प्लेटा लावून घट्ट बोल्ट, आणि पुढं बोल्टवर जाड स्प्रिंग, म्हणजे चासी पिळली की एका बाजूची सबफ्रेम थोडी उचलते आणि परत बसते. बाजूला सरकू नये म्हणून गाइड प्लेटा पाहिजेतच.

कोल्हापुरात उद्यमनगरात किंवा शिरोलीला फॅब्रिकेटर हुशार आहेत, पण त्यांचा हात मालट्रकच्या बॉडीवर बसलेला, यू-बोल्टनं गच्च आवळतील. आधी बसून चित्र काढून सांगा. आणि चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू देऊ नका, वेल्डिंग तर नाहीच, उभ्या भागात कंपनीची भोकं असतात ती वापरा.

पेटीला पफ पॅनल, म्हणजे मध्ये फोम भरलेलं पॅनल घ्या, हलकं असतं आणि गगनबावड्याच्या पावसात आत ऊब राहते. लोखंडाचा तुकडा आतून बाहेर आरपार जाऊ देऊ नका, तिथंच आत पाणी सुटतं. अॅल्युमिनियम आणि लोखंड थेट भिडलं तर ओलीत गंजतं, मध्ये रबर द्या.

वजन हा दुसरा मोठा विषय. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. टाकी, बॅटरी हे सगळं खाली आणि दोन्ही अॅक्सलच्या मध्ये, वर टपावर फक्त सोलर. पेटी मागच्या चाकाच्या फार मागं लोंबत ठेवली तर चढावर शेपूट घासणार. बांधकाम चालू असतानाच मधून मधून वजनकाट्यावर न्या, पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचं वजन वेगवेगळं करा, डावी-उजवी बाजूसुद्धा बघा, आणि आरसीवरच्या आकड्याच्या बरंच खाली राहा. मागं जोडचाकं असतील तर त्यात दगड अडकतो, सिंगल रुंद टायर बरं, पण त्याची वजन पेलायची क्षमता तपासूनच.

गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळं सिलिंडरच्या कप्प्याला भोक तळाला पाहिजे, बाहेर उघडणारं, आणि तो कप्पा आतल्या खोलीपासून पूर्ण बंद.

कागद मात्र काम सुरू करायच्या आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा गाडी बदलायची तर परवानगी लागते, मोटार कॅरव्हानसाठी, म्हणजे अशा राहायच्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे, त्यामुळं चित्र घेऊन आधी आरटीओत जाऊन या.

झालं की सामान, पाणी भरून दाजीपूरच्या बाजूचा एखादा खराब रस्ता निवडा, हळू चालवा, आणि परत आल्यावर प्रत्येक बोल्टला पाना लावा, सुरुवातीला ते सैल पडतातच.