ग्राफ्ट म्हणजे फ्लॅप नव्हे: या चुका टाळा

बेळगावात प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात ड्रेसिंग करताना अजून विचारतात, "सिस्टर, आत प्लास्टिक बसवलंय काय?" नाही हो. ग्रीक ‘प्लास्टिकोस’वरून आलेला शब्द, अर्थ आकार देणं. जखम झाकायला लागतं ते तुमचंच कातडं.

पण सगळ्यात महागात पडते ती ग्राफ्ट आणि फ्लॅप एकच समजण्याची चूक. ग्राफ्ट म्हणजे मांडीवरून सोललेला कातडीचा पातळ पापुद्रा. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालच्या जखमेतून रक्त घेत तो पाच-सात दिवसांत धरतो, तोवर हलला की गेला. फ्लॅप म्हणजे चरबीसकट उचललेला कातडीचा जाड तुकडा; तो मात्र आपली रक्तवाहिनी घेऊनच येतो आणि त्याचा जीव तिच्यातच असतो.

निपाणीकडचे एक मामा होते. गुऱ्हाळाच्या चरकात हात सापडलेला, हाड उघडं, ग्राफ्टला खालून रक्त मिळणार नाही. म्हणून ग्रॉइन फ्लॅप केला: हात जांघेला शिवून तीन आठवडे तसाच. तिसऱ्या दिवशी फ्लॅपची कड काळपट आणि गार. बोटानं दाबलं तर रंग परतेना. वाकले तर तोंडाचा वास आला.

"मामा, बिडी ओढलासा?"

"न्हाई बाई, चिमूटभर तंबाखू दाढंत धरल्याली."

आपल्या सीमाभागात तंबाखूला व्यसन कुणी मानतच नाही, मिश्री तर हिशेबातही नसते. निकोटिन कुठूनही गेलं तरी रक्तवाहिन्या आवळतं. मामांची बोटभर कड कापावी लागली, वर पुन्हा ग्राफ्ट. तेव्हापासून मी नुसतं विचारून थांबत नाही. उशीखाली बघते, बंडीचा खिसा बघते आणि बायकांना मिश्रीचं वेगळं विचारते. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे बंद, नंतरही चार. "एवढीशी" चालत नाही.

आणखी गैरसमज आहेत. लायपोसक्शन म्हणजे नळीनं चरबी ओढून काढणं, ते वजन उतरवायला नसतं. बोटॉक्स आणि फिलर या सुयाही एक नव्हेत: बोटॉक्स स्नायू सैल करतं, तीन-चार महिने टिकतं. फिलर खळगा भरतो.

हेअर ट्रान्सप्लांटला पोरं लग्न दोन महिन्यांवर आल्यावर येतात. लावलेले केस दोन-चार आठवड्यांत गळतात, मुळं आत राहतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवतात. पुरतं दिसायला वर्ष लागतं. हे सांगितलं की "लवकर करून देणारा" शोधत निघून जातात, त्याचा मला फार राग येतो. प्लास्टिक सर्जन सहसा एम.एस. या सर्जरीच्या डिग्रीनंतर आणखी तीन वर्षं शिकून एम.सीएच. होतो. पाटीवर नुसतं ‘कॉस्मेटिक’ असेल तर आत जाऊन विचारा: डिग्री कुठली, आणि त्या दिवशी सुई कुणाच्या हातात असणार?