कोकण रेल्वेचं स्टेशन १:८७ मापात: प्रदर्शनात नेता येईल असा लेआउट कसा बांधावा

घरातल्या एका खोलीत कायमचा मांडलेला मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे फळ्यांवर उभी केलेली छोटी रेल्वे, वेगळा. लिफ्टमधून उतरवून, गाडीत घालून, सभागृहात तासा-दोन तासांत जोडून दिवसभर चालवायचा लेआउट वेगळा. दुसऱ्या प्रकारात सगळा कस लागतो तो जोडांवर: फळ्यांचे जोड, रुळांचे जोड, तारांचे जोड. देखावा नंतरही सुधारता येतो, पण जोड चुकला तर प्रदर्शनात प्रत्येक गाडी त्याच जागी घसरते आणि ते सगळ्यांना दिसतं.

काय बांधायचं

पहिल्या लेआउटसाठी कोकण रेल्वेवरचं लहानसं क्रॉसिंग स्टेशन, म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या गाड्या जिथे एकमेकींना वाट देतात ते, निवडा. मार्ग बहुतेक ठिकाणी एकेरी असल्यामुळे स्टेशनात दोनच रूळ पुरतात, तरी एक गाडी लूपवर, म्हणजे मुख्य रुळाशेजारच्या रुळावर, थांबलेली आणि दुसरी धडधडत पुढे गेली असा खेळ सतत चालतो. दोन्ही टोकांना बोगदे दाखवता येतात. गाडी बोगद्यात शिरली की ती पडद्याआड गेली हे प्रेक्षकाला वेगळं पटवावं लागत नाही. काळ १९९८ ते २०२२ मधला धरा. मार्ग १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाला आणि विद्युतीकरण २०२२ च्या मार्चमध्ये संपलं. मधल्या बहुतेक काळात डिझेल इंजिनं होती, म्हणजे डोक्यावरच्या तारा आणि खांब करायचे कष्ट वाचतात. शिवाय १९९९ पासून कोलाड ते वेर्णा धावणारी रो-रो, म्हणजे सपाट वाघिणींवर उभ्या ट्रकांची मालगाडी, याच काळातली. मुलं तिच्यासमोरून हलत नाहीत.

माप एचओ ठेवा, म्हणजे १:८७. रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), चाकं सगळं या मापात सहज मिळतं. पुण्यात कोथरूडला असलेलं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयही याच मापाचं आहे. सुरुवात करण्याआधी ते पाहून आलेलं बरं. एक तडजोड मात्र आहे. एचओच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी असतं, आणि आपला १६७६ मिमीचा ब्रॉडगेज या मापात १९.३ मिमी भरतो. जवळजवळ तीन मिलिमीटरचा हा फरक सोडून द्या. तो काढायचा तर प्रत्येक सांधा आणि प्रत्येक चाक हाताने करावं लागेल.

लांबीचा हिशेब

जुन्या निळ्या आयसीएफ (चेन्नईची इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्याची लांबी २१.३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंमी. चार डबे आणि एक इंजिन मिळून गाडी सव्वा मीटरच्या आसपास होते. तेवढी लूपमध्ये मोकळी उभी राहायला हवी. दोन्ही सांध्यांपाशी रूळ एकमेकांपासून पुरेसे दूर होईपर्यंत प्रत्येकी सुमारे ३५ सेंमी जातात. बोगद्याच्या तोंडापर्यंत दोन्हीकडे वीस-बावीस सेंमी सोडा. बेरीज २.४ मीटर, म्हणजे १२०० × ६०० मिमीच्या दोन फळ्या. दोन्ही बाजूंना १४०० × ४०० मिमीची एकेक बिनदेखाव्याची फळी, जिथे गाड्या उभ्या राहतात. एकूण ५.२ मीटर. १२०० × ६०० ची फळी हॅचबॅकची मागची सीट पाडली की आत जाते.

पाचवा डबा घालायचा मोह आवरा. लूपमध्ये न मावणारी गाडी क्रॉसिंगच करू शकत नाही.

फळ्या

वर ९ मिमी प्लाय, खाली त्याच प्लायच्या ८० मिमी रुंद पट्ट्यांची चौकट, दर ४० सेंमीवर आडवी पट्टी. प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्रतीचा घ्या. एमडीएफ (लाकडाचा तंतू दाबून केलेला बोर्ड) स्वस्त आणि सपाट असतो, पण पावसाळ्यात हवा पिऊन फुगतो आणि एकदा वाकला की परत सरळ होत नाही. चौकट जोडल्यावर दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्या.

जोडाच्या समोरासमोर येणाऱ्या दोन पट्ट्या क्लॅम्पने एकत्र आवळा आणि भोकं दोन्हींतून एकदमच पाडा. वेगवेगळी मोजून पाडलेली भोकं कधी जुळत नाहीत. फळी नेमकी बसवण्याचं काम पितळी डॉवेलचं, म्हणजे खुंटीचं, आवळण्याचं काम ८ मिमी बोल्ट आणि विंगनटचं. नुसत्या बोल्टवर भिस्त ठेवली तर भोकातली ढिलाई अर्धा मिलिमीटर सरकते, आणि गाडी घसरायला तेवढी पुरते.

पायांची उंची अशी ठेवा की रूळ जमिनीपासून ११० सेंमीवर येतील. पायांना खाली फिरवून उंची बदलणारे स्क्रू हवेतच, कारण सभागृहांच्या फरश्या सपाट नसतात.

रूळ घालणं

फळीवर ३ मिमी कॉर्क किंवा ईव्हीए फोम चिकटवा, त्यावर लवचीक रूळ. दोन रुळांच्या मध्यरेषांतलं अंतर ६० मिमी ठेवा, खऱ्या ५.३ मीटरच्या ते जवळ जातं आणि बोटंही आत शिरतात. सांधे मध्यम त्रिज्येचे, म्हणजे ९१४ मिमीचे घ्या. साडेचोवीस सेंमीचा डबा त्याहून छोट्या सांध्यावर वेडावाकडा दिसतो, बफर अडकतात.

थंडीत रूळ घालत असाल तर दर मीटरला अर्धा मिलिमीटर फट सोडा. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ २५ अंश तापमान वाढलं की साधारण तेवढाच वाढतो. फट नसेल तर मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या फळीवर रूळ धनुष्यासारखा उचलला जातो.

फळीच्या जोडावर जोडपट्टी, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणारी छोटी पट्टी, वापरू नका. जोडाच्या दोन्ही बाजूंना कडेलगत रुळाखाली पितळी स्क्रू बसवा, त्यांची डोकी रुळाच्या तळाला टेकतील इतकीच वर ठेवा. फळ्या बोल्टने आवळून एकसंध रूळ जोडावरून घाला, स्क्रूंना सोल्डर करा आणि मगच बारीक चकतीने नेमका जोडावर कापा. आधी कापून मग जुळवायला गेलात की ते दर वेळी जुळवत बसावं लागतं.

वीज

दोन इंजिनं एकाच स्टेशनात वेगवेगळी चालवायची तर डीसीसी घ्या, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र डिजिटल आज्ञा देणारी यंत्रणा. साध्या १२ व्होल्ट डीसीवर रुळाचे विभाग पाडून बटणं लावावी लागतात, आणि गर्दीत चुकीचं बटण दाबलं जातंच.

फळीखालून १.५ चौमिमीच्या दोन मुख्य तारा न्या, एक लाल, एक काळी. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला बारीक तारेने स्वतंत्र जोड द्या. जोडपट्टीतून वीज जाईल या भरवशावर राहू नका, ती पहिल्या पावसाळ्यात गंजते. सोल्डरिंगला रोझिन फ्लक्स वापरा, आम्लाचा नको. फळ्यांमधल्या कनेक्टरला घरगुती तीन पिनांचा प्लग कधीच लावू नका. कुणीतरी तो चुकून भिंतीत खुपसेल. २३० व्होल्ट लेआउटखाली मुळीच न्यायचे नाहीत. पॉवर सप्लाय बाहेर ठेवून फक्त कमी दाबाची तार आत घ्या.

नवशिक्याचा सगळ्यात जास्त वेळ सांध्याचा फ्रॉग खातो, म्हणजे आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग. तो धातूचा असेल तर सांधा फिरला की त्याची विजेची बाजू बदलावी लागते. फ्रॉगपासून पुढे निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकच्या जोडपट्ट्या घाला. त्या विसरल्या तर लूपच्या दुसऱ्या टोकाकडून उलटी वीज फ्रॉगवर येते आणि लेआउट शॉर्ट होतो, तोही फक्त सांधा एका बाजूला असताना, म्हणून कारण सापडत नाही. सांधा फिरवायला फळीखाली साधा सरकता स्विच बसवा आणि त्याला तारेने सांध्याची पट्टी जोडा. तोच स्विच पाती, म्हणजे सांध्यातले सरकते रूळ, हलवतो आणि फ्रॉगची वीजही बदलतो. सांध्यातली मूळ स्प्रिंग काढून टाका, नाहीतर दोघांची ओढाताण होते. मोटारी महाग आणि बिघडणाऱ्या. ऑपरेटर लेआउटच्या मागेच उभा असतो, हाताने फिरवू दे त्याला.

शेवटी नाण्याची चाचणी. दर अर्ध्या मीटरला दोन्ही रुळांना टेकेल असं नाणं आडवं ठेवा. प्रत्येक ठिकाणी डीसीसी यंत्राने लगेच वीज तोडली पाहिजे. जिथे तोडत नाही तिथली तार बारीक आहे किंवा सोल्डर कच्चं आहे. खरा शॉर्ट झाला तर तिथेच प्लास्टिक वितळेल.

खडी आणि जांभा

खरी खडी ५० मिमीच्या आसपास, म्हणजे इथे अर्धा मिलिमीटर. दगडाची बारीक कच चाळून घ्या, धुऊन वाळवा आणि कागदावर पसरून तिच्यावरून जोरदार चुंबक फिरवा. बेसाल्टच्या चुऱ्यात लोहचुंबकीय कण असतात. ते इंजिनाच्या मोटरला आणि गिअरला चिकटतात, मग महिन्याभरात इंजिन कुरकुरायला लागतं. लाल मातीलाही हेच करा.

कोरडी खडी मऊ ब्रशने स्लीपरांमध्ये बसवा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून फवारा मारा, मग फेव्हिकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून ड्रॉपरने सोडा. आधी ओलं केलं नाही तर गोंदाचा थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि खडी उचलून नेतो. सांध्याच्या पात्यांपाशी गोंद जाऊ देऊ नका, सुकेपर्यंत पाती मधूनमधून हलवत राहा. पावसाळ्यात दोन दिवस लागतात.

कटिंगच्या, म्हणजे डोंगर कापून केलेल्या वाटेच्या, भिंती एक्सपीएस फोमच्या (कडक, बिनदाण्यांचा फोम). पांढरं थर्माकोल नको, त्याचे दाणे सुटून चाकांत जातात. जांभा रंगवताना एकच लाल फासला तर तो विटेसारखा दिसतो. ताजा कापलेला भाग नारिंगी-तांबडा, जुना पृष्ठभाग काळपट, पाणी झिरपतं तिथे शेवाळाचा हिरवा ओघळ. बोगद्याचं तोंड रुळापासून ७५ मिमी उंच ठेवा, आतला पहिला अर्धा फूट काळा रंगवा, आणि डोंगराच्या मागच्या बाजूला हात जाईल एवढं भोक ठेवा. गाडी नेमकी आतच घसरते.

प्लॅटफॉर्मची कड रुळाच्या मध्यापासून २० मिमीवर, उंची रुळाच्या वर ९ मिमी. चिकटवण्याआधी सगळ्यात रुंद डबा हाताने ढकलून पाहा.

डबे तपासणं

नवा डबा थेट लेआउटवर चढवू नका. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ ते १४.५ मिमी आहे का ते कॅलिपरने बघा. कमी असेल तर चाक सांध्यावर चढतं. वजनासाठी अमेरिकेच्या एनएमआरए संस्थेचा नियम वापरा: २८ ग्रॅम, अधिक दर इंच लांबीला १४ ग्रॅम. आयसीएफ डबा त्यानुसार १६० ग्रॅमच्या पुढे जातो. हलका डबा ढकलताना उडतो. रो-रोचे ट्रक वाघिणीवर पक्के चिकटवू नका, खाली दुहेरी टेपचा तुकडा पुरे. १:८७ मधली जुनी मर्सिडीजची गोल बॉनेटवाली मॉडेल्स थोड्या रंगकामाने टाटाची होऊन जातात. टाटाचे सुरुवातीचे ट्रक त्याच कंपनीच्या सहकार्याने बनत होते.

प्रदर्शनाच्या दिवशी

आधी पाय, मग पाणसळ, मग डॉवेल, मग बोल्ट, मग तारा. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. पॉलिश पेपरने घासू नका, ओरखड्यांत काळा थर आणखी लवकर बसतो. नंतर एकटं इंजिन अगदी हळू सगळ्या रुळांवरून फिरवा. जिथे अडखळेल ती जागा गर्दी येण्याआधी सापडायला हवी.

माणसं किमान तीन लागतात. दोन चालवायला, एक पुढे उभं राहून बोलायला. ऑपरेटरने प्रेक्षकांशी गप्पा मारल्या की गाडी बोगद्यातच राहते. हालचालींचा क्रम पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहा: पॅसेंजर लूपवर, एक्स्प्रेस थेट, पॅसेंजर पुढे, रो-रो उलट दिशेने. मिनिटभर काही हललं नाही की माणसं पुढच्या टेबलाकडे जातात. बाजूच्या बिनदेखाव्याच्या फळ्यांवर १.३ मीटरच्या प्लायपट्टीवर रूळ बसवून केलेले ट्रे ठेवा. अख्खी गाडी ट्रेसकट उचलून बदलता येते, चाकांना हात लावावा लागत नाही.

लेआउटपुढे अर्ध्या मीटरवर दोरी बांधा, लहान मुलांसाठी एक भक्कम पाट ठेवा. दुपारी एकदा चाकं पुसा. इंजिन उलटं धरून दोन तारांनी वीज द्या आणि फिरत्या चाकांना अल्कोहोलचा बोळा लावा. हत्यारपेटीत सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, जादा विंगनट, फ्यूज आणि कॅलिपर असू द्या. विंगनट हमखास हरवतात.

आवरताना आधी गाड्या, मग तारा, मग बोल्ट. देखाव्याच्या दोन्ही फळ्या समोरासमोर ठेवून दोन्ही टोकांना प्लायच्या पट्ट्या स्क्रूने लावा. मधली फाक डोंगरांच्या उंचीहून पाच सेंमी जास्त ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.