पोस्टडॉकचा शोध: व्हायवाची तारीख, तीन ईमेल आणि एक फोन

थिसिस जमा झाला की मग पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेचं बघू, असं मी पीएचडीच्या पाचव्या वर्षापर्यंत म्हणत राहिले. पुण्यात यीस्टवर काम चालू होतं, पेपर रिव्हिजनमध्ये अडकला होता, दुसरं काही सुचतच नव्हतं. हे मला एका वर्षाला पडलं.

आपल्याकडे थिसिस जमा करणं आणि व्हायवा, म्हणजे त्यावरची तोंडी परीक्षा होणं यांत कित्येक महिने जातात. परीक्षकांचे अहवाल कधी येतील ते कुणाच्याच हातात नसतं. युरोपातल्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपची मुदत साधारण सप्टेंबरमध्ये संपते आणि तोवर पीएचडी झालेली लागते. माझा व्हायवा नोव्हेंबरात झाला. म्हणजे थेट पुढचा सप्टेंबर! म्हणून आधी व्हायवाची अंदाजे तारीख कागदावर लिहा आणि बाकीचं तिच्या मागेपुढे मांडा. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्राच्या संस्थेच्या फेलोशिपचा अर्ज वर्षभरात कधीही करता येतो, पण पीएचडी होऊन २ वर्षं उलटायच्या आत; शिवाय प्रथम लेखक म्हणून तुमचा एक तरी पेपर हवा. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप पोस्टडॉकसाठी पीएचडीनंतर ४ वर्षांपर्यंत थांबते.

या प्रत्येक अर्जाला आधी एक लॅब लागते, तुम्हाला घ्यायला तयार असलेली. खरी मेहनत तिथे आहे.

मी सुरुवातीला चाळीसेक ईमेल पाठवले. सगळ्यांत मजकूर तोच, फक्त नाव बदललेलं. चार उत्तरं आली, चारही नकाराची. मग माझ्या गाइडनी मला समोर बसवलं आणि विचारलं, ‘यातल्या किती लोकांचे पेपर तू शेवटपर्यंत वाचलेस?’ त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी फक्त तीन ईमेल लिहिले. प्रत्येकाआधी त्या लॅबचे ताजे पेपर वाचले, बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावरचे प्रीप्रिंट, म्हणजे अजून छापून न आलेले पेपरसुद्धा, कारण छापील पेपरमध्ये दिसतं ते काम बरंच जुनं असतं. ईमेलमध्ये माझ्या कामावर चार ओळी, त्यांच्या एका निष्कर्षाबद्दल मला खरोखर पडलेला प्रश्न, त्यावर मी कोणता प्रयोग करून पाहीन, आणि कधी रुजू होऊ शकेन. सोबत सीव्ही आणि तीन रेफरन्स. तिन्ही ठिकाणांहून उत्तर आलं. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण जरूर करा. माझं एक उत्तर तसंच मिळालं.

अमेरिकेत पोस्टडॉकचा पगार बऱ्याचदा पीआयच्या, म्हणजे लॅबप्रमुखाच्या ग्रँटमधून (संशोधन अनुदानातून) निघतो. एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या ‘रिपोर्टर’ या संकेतस्थळावर पीआयचं नाव टाकलं की एनआयएचची कोणती ग्रँट चालू आहे आणि ती कधी संपते, हे कुणालाही दिसतं. माझी एक मैत्रीण हे न बघता गेली आणि आठ महिन्यांत तिला दुसरी जागा शोधावी लागली. तेही व्हिसा सांभाळत, परक्या गावात. ग्रँट संपत आली असेल तर पुढचे पैसे कुठून येणार, हे पीआयला सरळ विचारा. यात उद्धटपणा नाही. पैसे नोकरीच्या करारावर पगार म्हणून मिळणार की स्टायपेंड (विद्यावेतन) म्हणून, हेही विचारा, कारण आरोग्यविमा आणि बाळंतपणाची रजा अनेकदा त्यावर ठरते.

मुलाखतीत तुमचं भाषण होतं, मग लॅबमधले एकेक जण भेटतात. भाषणाची तयारी सगळेच करतात. पण पुढे लॅब सोडताना कोणता प्रोजेक्ट सोबत नेता येईल, हे विचारायचं बहुतेक जण विसरतात. पुढे स्वतःची लॅब काढायची असेल तर हा प्रश्न सोडू नका.

शेवटी, हो म्हणण्याआधी, लॅब सोडून गेलेल्या एकाला तरी गाठा. जुन्या पेपरांच्या लेखक-यादीत नावं सापडतात. ईमेलवर लोक जपून लिहितात, म्हणून वीस मिनिटं फोनवर मागा. मी ज्यांना फोन केला त्या ताईंनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि मग स्वतःहून सांगितलं, ‘पेपरला वेळ लागेल, पण तुझं नाव तुझ्याच जागी राहील.’ त्याच रात्री मी होकार कळवला.